मामूंची पश्चिमेची भिंत

धाराशिव जिल्ह्यात अशी एकही भिंत उरली नसेल, जिला नसरीनच्या मामूंचा हात लागलेला नाही. हे मी फुगवून लिहीत नाही. फुगवून लिहिलेलं मामू खोडतात, हे मला चांगलंच ठाऊक आहे. तेव्हा फार तर असं म्हणते, की ज्या भिंती राहिल्या असतील त्यांच्यावरही मामूंचा डोळा आहे. साधा माणूस कुणाच्या घरी गेला की आधी सलाम करतो, रामराम घालतो, निदान चपला काढतो. मामू दारातून आत येतात ते थेट पश्चिमेच्या भिंतीकडं जातात, डावा तळवा तिच्यावर सपाट ठेवतात, डोळे मिटतात आणि वैद्य नाडी बघतो तसे थांबतात. "उजवा हात माणसांसाठी, डावा भिंतीसाठी," अशी त्यांची वाटणी आहे. मग एक आकडा बोलतात, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खोचलेला थर्मामीटर काढून भिंतीला टेकवतात, दोन्ही जुळलं की समाधानानं मान हलवतात आणि त्यानंतर कुठं घरातल्या माणसांकडं वळून विचारतात, "काय, बरे हायत ना सगळे?"

नसरीन माझी मैत्रीण आणि धंद्यातली भागीदार. परंड्याच्या बसस्टँडजवळ आम्हा दोघींचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मामू तिच्या आईचे थोरले भाऊ. सरकारी बांधकामाचे इंजिनियर म्हणून त्यांनी सगळी नोकरी याच जिल्ह्यात काढली. शाळांच्या खोल्या, दवाखाने, गोदामं, समाजमंदिरं, कुठं काय बांधलं ते त्यांना अजून विटांसकट आठवतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे साहेब लोक कुणी देवाधर्माला लागले, कुणी प्लॉटिंगला लागले. मामू भिंतीतून आत येणाऱ्या उन्हाच्या मागं लागले. सकाळी चहा झाला की दुकानात येतात, आमच्या भिंतीची चौकशी करतात, "कालच्यापरीस बरी हाय" म्हणतात आणि मला कसलं तरी अंदाजपत्रक टाइप करायला देतात. कुणी मागितलेलं असतंच असं नाही. कुणाच्या गोठ्याच्या भिंतीला आतून कडब्याच्या पेंढ्या लावल्या तर म्हशीला किती आराम पडेल, याचंही अंदाजपत्रक मी टाइप केलेलं आहे. म्हशीच्या मालकाला ते नेऊन दिलं, तेव्हा त्यानं दोन्ही हातांनी घेतलं आणि देवळीत ठेवलं.

आणि मी पडले पत्रकांच्या घरातली. माझे वडील ढोकीला साखर कारखान्यात कामगार युनियनचे पुढारी होते आणि आमच्या घरात फडताळाला कागद पत्रकांचा, माझ्या वह्यांना कव्हर पत्रकांचं, पतंगही पत्रकाचा. मला पहिल्यांदा स्वतःहून वाचता आलेलं वाक्य म्हणजे 'कामगार बंधूंनो, उठा!' आणि आई रोज सकाळी कामगार बंधूंना काही म्हणत नाही, फक्त मलाच उठवते, याचा मला बरेच दिवस राग होता. त्यामुळं मला कुठलीही गोष्ट शांतपणे लिहिता येत नाही आणि मामूंना शांतपणे लिहिल्याशिवाय कुठलीही गोष्ट खरी वाटत नाही. आमचं जमलं ते या भांडणावर. शाळांमधल्या उन्हाळ्यावर मी एकदा पत्रक लिहिलं, 'पोरं भट्टीत भाजताहेत!' मामूंनी चष्मा लावला आणि 'भट्टी' या शब्दाखाली रेघ मारली.

"विटांच्या भट्टीत किती तापतं, म्हाईत हाय का तुला?"

"मामू, तसं म्हणायची पद्धत असते."

"म्हणायचं असंल तर चौकात उभं राहून म्हण. छापायचं असंल तर मोजून छाप, बेटा."

मोजून छापलेलं ते पत्रक शेवटी असं निघालं: 'मुलांना दुपारी फार उकडते.' एवढ्यावर कोण पेटून उठणार? कुणीच उठलं नाही. नसरीनच्या आईनं तेवढं ते डब्याखाली घातलं.

मामूंच्या या वेडापायी नसरीनच्या भावाचं लग्न मोडता मोडता राहिलं. मुलगी बघायला सगळे गेले होते. पोहे आले, मुलगी आली, तिच्या शिक्षणाची चौकशी सुरू झाली आणि मामू दिसेनात. ते सापडले आतल्या खोलीत, भिंतीला गाल लावून उभे. तळव्यानं नक्की कळलं नाही तर ते गाल लावतात. तिथून बाहेर येऊन त्यांनी भर बैठकीत सांगून टाकलं, "घर चांगलं, माणसं चांगली. पण बाळंतपणाला पोरीला हिकडं पाठवू नका, ही भिंत रात्रभर ऊन ओकती." अजून सुपारी फुटली नव्हती आणि मामू बाळंतपणापर्यंत पोचले होते. मुलीचे वडील लाल झाले. मुलगी मात्र पदराआड हसली आणि म्हणाली, "खरं हाय त्यांचं. मी तिथंच झोपते." लग्न झालं. आता ती मामूंची सर्वांत लाडकी सूनबाई आहे आणि तिच्या माहेरच्या त्या भिंतीवर मामूंनी स्वतः उभं राहून घोसाळ्याचा वेल चढवून घेतलाय.

एसटीत बसायचं तर मामू आधी आभाळाकडं बघतात. दुपारची कुर्डुवाडीची गाडी असेल तर डावी बाजू, परत येताना उजवी. सकाळी याच्या उलट. हे ते स्वतःपुरतं ठेवतील तर मामू कसले. एका दुपारी त्यांनी गाडीतल्या एकेकाला ऊन कुठून येणार ते समजावून डावीकडं बसवलं. तीनच्या बाकावर पाच पाच माणसं, मांडीवर पोरं, पोरांच्या मांडीवर पिशव्या, आणि उजवीकडं अख्खी रिकामी रांग. कंडक्टर आत आला आणि दारातच थबकला. "मामू," तो हात जोडून म्हणाला, "ऊन परवडलं, गाडी कलंडली तर मला नोटीस यील."

उन्हाळ्यात भर दुपारी मामू परंड्याच्या किल्ल्यात जाऊन बसतात. तिथल्या जाड भिंतींच्या सावलीत पाठ टेकून ते मला व्याख्यान देतात. दगडाच्या भिंतीत ऊन शिरतं, पण आतपर्यंत पोचेस्तोवर रात्र होते. जुन्या माळवदाच्या घरांचंही तेच. मातीच्या भिंती हातभर रुंद. मग वीट आली, भिंत नऊ इंची झाली, पुढं काटकसर आली, भिंत चार इंची झाली. आता परत तेवढी जाड भिंत कुणाला परवडायची? म्हणून मामू नव्या भिंतीवर लट्टू आहेत: दोन्हीकडं काँक्रीटचा पातळ थर आणि मधे थर्माकोलची जाड लादी. ऊन बाहेरच्या थरापर्यंत येतं आणि मधे अडतं. "भिंतीला गोधडी घातली म्हण," ते सांगतात.

"उन्हाळ्यात गोधडी?" मी म्हटलं होतं.

"बर्फवाला बर्फाला पोतं गुंडाळतो ते काय बर्फाला थंडी वाजती म्हणून?"

पटलं, पण मला राग आला. भिंतीचा नव्हे. ज्या कचेरीत वीजबिलांच्या फायली ठेवतात तिथं एसी, आणि जिथं पोरं ठेवतात तिथं चार इंची भिंत आणि वर पत्रा, याचा. किल्ला बांधणाऱ्यांनी दारूगोळा गार राहावा म्हणून जेवढा विचार केला, तेवढा आपण पहिलीच्या वर्गाचा केलेला नाही. हे वाक्य मी मामूंना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी ते खोडलं नाही. नुसतं खाली बघितलं.

खाली बघण्याचं कारण मामूंच्या घरातच आहे. नसरीनच्या मुमानी, म्हणजे मामूंच्या पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. कुर्डुवाडी रस्त्यावरच्या एका लहान गावात त्यांनी कित्येक वर्षं चौथीपर्यंतची पोरं शिकवली. त्या शाळेच्या दोन खोल्या मामूंनीच बांधलेल्या. मंजुरी एका खोलीची, पोरं दोन खोल्यांची. तरुण मामूंनी डोकं लढवलं, नऊ इंचीच्या चार इंची भिंती केल्या, वर पत्रे टाकले आणि एका खोलीच्या खर्चात दोन बसवल्या. गावानं त्यांना फेटा बांधला. पुढच्याच बदलीत त्यांची बायको नेमकी त्याच शाळेवर आली, पश्चिमेच्या खोलीत.

"फेटा बांधून आलेत आणि मला भाजायला बसवलं," हे मुमानी अजून ऐकवतात. त्या मामूंना 'इंजिनियरसाहेब' म्हणतात, आणि त्या जितकं मऊ 'इंजिनियरसाहेब' म्हणतात तितकं ते जास्त लागतं. फेब्रुवारी सरला की दुपारी पश्चिमेची भिंत तापायला लागायची. आधी भिंतीजवळची पोरं सरकायची, मग त्यांच्या पुढची, आणि शाळा सुटायच्या वेळी सगळा वर्ग पूर्वेच्या कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर. अर्धी खोली रिकामी. "सकाळी मी खोलीभर शिकवायची, दुपारी कोपराभर," मुमानी सांगतात. डोकं धरून घरी आल्या की उंबऱ्यातूनच म्हणायच्या, "इंजिनियरसाहेब, तुमच्या भिंतीनं सलाम सांगितलाय." मामूंचा भिंतीला हात लावण्याचा नाद तेव्हापासूनचा. मुमानी निवृत्त झाल्या, गुडघे गेले, पण तो सलाम काही थांबला नाही.

अशात त्या शाळेला एक नवी खोली मिळणार अशी बातमी आली. जुन्या दोन खोल्यांपैकी पूर्वेची पाडायला झाली होती, तिच्याऐवजी पटांगणात मोकळ्यावर नवी बांधायची होती. सरकारी पैसे साध्या खोलीचे होते. पण पुण्याची एक संस्था गार भिंतींसाठी वरचा खर्च द्यायला तयार होती, आणि अट एकच: अशी भिंत घातली तर वीज किती वाचेल, याचा अंदाज करून पाठवा. हेडमास्तर धावत मामूंकडं आले. मामूंनी त्या दिवशी दुकानात येऊन भिंतीला हातसुद्धा लावला नाही, सरळ माझ्यासमोर बसले.

"बेटा, टायपिंग चांगलं कर. हे शेवटचं हाय."

"मागचंही शेवटचंच होतं मामू."

"ते म्हशीचं होतं."

आठवडाभर मामू हिशेब करत होते. ऊन किती, भिंत केवढी, कोणत्या महिन्यात सूर्य कुठं. सगळं जमलं आणि मग एका रकान्यापाशी गाडं अडलं. 'सध्याचा वीजवापर.' संस्थेच्या साहेबांना त्यांनी दुकानातूनच फोन लावला. आवाज मोठा करून ठेवल्यामुळं आम्हालाही ऐकू येत होतं.

"सर, सध्या त्या खोलीत काय काय चालतं?" साहेबांनी विचारलं.

"एक पंखा. लाइट असली तर."

"एसी? कूलर?"

"एसी साहेबलोकांच्या खोलीत असतंय. ही पोरांची हाय."

"मग दोन एसी धरा ना सर. सगळे तसंच धरतात. त्याशिवाय बचत दिसणार कशी?"

मामूंनी फोन कानापासून लांब नेला, त्याच्याकडं नीट बघितलं आणि परत जवळ आणून म्हणाले, "धरू कुठं? हातात?"

त्या दिवशी दुकानात जे भांडण झालं ते बसस्टँडवरची माणसं थांबून ऐकत होती. मी म्हणत होते, दोन एसी लिहूया. दोनच शब्द आहेत. ज्यांनी पोरांना कधी पंखा धड दिला नाही, त्यांच्या कागदावर दोन एसी लिहिले तर कोणतं पाप लागणार? उलट कागदावर तरी पोरांना एसी मिळू द्या! मामू एकच वाक्य धरून बसले होते, "जी वीज जळलीच न्हाय, ती वाचली म्हणून लिहू कशी?"

"पण अंदाजच तर आहे तो!"

"अंदाज येगळा, थाप येगळी. म्या आयुष्यात भिंती पातळ केल्या, बेटा. कागद पातळ केला न्हाय."

"आज लई मजा हाय," नसरीन झेरॉक्सच्या मशीनमागून म्हणाली. "मामू आंदोलनाला बसलेत आणि ही फाइल पास करून घ्यायलीय."

शेवटी मामूंनी सांगितलं तसं मी टाइप केलं. बचत: शून्य. कारण: वाचवण्याजोगी वीज या शाळेत येत नाही. खाली वेगळी ओळ: एवढाच गारवा यंत्रानं आणायचा झाला तर अमुक इतकी वीज लागली असती, ही बचत नव्हे. आणि अगदी शेवटी, मामूंच्या सगळ्या लेखनात एकमेव असं, आकडा नसलेलं वाक्य: भिंत मात्र लागेल.

संस्थेकडून उलट निरोप आला की शून्य बचतीला आमच्याकडं तरतूद नाही. मामू दोन दिवस दुकानात आले नाहीत. आल्यावर आमच्या भिंतीला हात लावला तोही उगाच लावायचा म्हणून. मुमानींनी त्या दोन दिवसांत एकदाही 'इंजिनियरसाहेब' म्हटलं नाही म्हणे, आणि मामूंना तेच जास्त झोंबलं.

पण त्या साहेबांना शून्याचं कोडं सुटेना म्हणून की काय, ते ऑक्टोबरात स्वतःच शाळा बघायला आले. पस्तिशीचे, इस्त्रीचे, बिचारे भले वाटणारे. दिवाळीआधीचं ऊन कसं असतं ते आपल्याला माहीत आहे. साहेब पश्चिमेच्या खोलीत पंख्याखाली उभे राहिले आणि बचत म्हणजे काय हे मामूंना समजावू लागले. दोन वाक्यं झाली असतील नसतील, पंखा मंदावला, कुरकुरला आणि थांबला. साहेबांनी वर बघितलं. पूर्वेच्या कोपऱ्यात एकमेकांवर रेललेल्या पोरांनी वरही बघितलं नाही. साहेबांच्या कपाळावरून घाम नाकावर आला, तिथून हातातल्या कागदावर, बरोबर शून्यावर.

"लाइट कधी येते रे?" त्यांनी विचारलं.

"शाळा सुटल्यावर!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

मामूंनी नुसता थर्मामीटर काढून साहेबांपुढं धरला. साहेबांनी तो बघितला नाही, रुमाल काढला. जाताना गाडीत बसता बसता म्हणाले, "सर, तुमची ती खालची वेगळी ओळ आहे ना, ती वर घेऊन परत पाठवा. एसी वगैरे काही नको. एक खोली करून बघू."

डिसेंबरात काम सुरू झालं, आणि भिंतीवरचं खरं संकट तेव्हा आलं. गावानं आजवर वाळूत माती बघितली होती, सिमेंटात राख बघितली होती आणि 'असंच असतंय' म्हणून सोडून दिली होती. पण भिंतीत थर्माकोल? गणपतीच्या मखराचा, लग्नाच्या स्टेजचा थर्माकोल? गाव खडबडून जागं झालं. फाट्यावर भारत नावाच्या तरुणाचं चहाचं हॉटेल आहे. तिथं दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कुणीतरी मोबाइलवर चित्रण करून 'बघा शाळेत काय भरतेत' म्हणून पाठवलं. काम बंद पाडलं. सगळा थर उपसून काँक्रीट भरा, पक्की भिंत द्या, अशी मागणी झाली. आणि जिल्ह्यातल्या एकमेव प्रामाणिक भिंतीविरुद्ध पत्रक काढायला भारत दोघांना घेऊन आला तो नेमका माझ्याच दुकानात.

"ताई, एक पत्रक पायजे. जहाल."

हे वाक्य ऐकायला मी सगळं आयुष्य थांबले होते. पण कागदावर लिहिलं होतं: 'जाहीर निषेध! शाळेच्या भिंतीत थर्माकोल! सिमेंट खाल्लं कुणी? पोकळ भिंत पोरांच्या डोक्यावर पडणार!' मी मान वर केली तर दारात मामू उभे. भारत ओशाळला.

"मामू, तुमच्याइरुद्ध न्हाय हे. भिंतीइरुद्ध हाय."

"मग तर बघायलाच पायजे," म्हणून मामूंनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि रेघा मारायला सुरुवात केली. मला वाटलं, फाडतील. मामूंनी फाडलं नाही. सुधारलं. "पोकळ न्हाय, भारत. 'दोन काँक्रीटच्या थरांमध्ये' असं लिही. सिमेंट कुणी खाल्लं न्हाय, किती लागलं त्याचा आकडा देतो, तो छाप. आणि हे 'डोक्यावर पडणार'. कशानं पडणार ते लिहावं लागंल. वाऱ्यानं? भूकंपानं? तेवढ्या जोराचं गणित माझ्याकडं हाय, पडत न्हाय ती." भारत आणि त्याचे दोघं सोबती शाळेत गृहपाठ तपासून घेतात तसे मामूंच्या खांद्यावरून बघत होते. सुधारत सुधारत पत्रकाची भिंतीची जाहिरात कधी झाली ते कुणालाच कळलं नाही. शेवटी मी न राहवून स्वतःचं एक वाक्य घुसवलं: 'असा थर जिल्ह्यातील इतर शाळांच्या भिंतींमध्ये का नाही, असा आमचा जाहीर सवाल आहे.' मामूंचं पेन त्या वाक्यावर बराच वेळ थांबलं.

"हे मोजता यायचं न्हाय," ते म्हणाले. मग पेनाला टोपण घातलं. "पण खरं हाय. ऱ्हाऊ दे."

पत्रकाच्या तळाशी त्यांनी स्वतःच घातलं: शंका असल्यास भिंतीस हात लावून पाहावा.

आणि गाव आलं की हात लावायला! बायका, म्हातारे, बकऱ्या घेऊन पोरं. एकेकानं आधी जुनी भिंत चाचपली, मग नवी. नवी गार होती. मामू जिंकले, असं मी मनात म्हणतेय तोवर भारत म्हणाला, "तिच्यावर रोज पाणी मारायलेत की. ओली भीत गारच असती."

सगळे मामूंकडं बघायला लागले. मीही. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की पाण्याचा काही संबंध नाही. मामूंनी भिंतीला तळवा लावला, डोळे मिटले, उघडले.

"बरोबर हाय त्याचं. ओली हाय. आज काय कळायचं न्हाय."

मी कपाळावर हात मारला. मामू पुढं म्हणाले, "होळी होऊन पंधरा दिवस जाऊ द्या. वाळंल, तापंल. मग या. गार लागली न्हाय तर पहिला हातोडा माझा." काम तेवढ्या वायद्यावर पुन्हा सुरू झालं, आणि खोलीवर छतही त्याच थराचं झालं.

होळी झाली. ऊन चढत गेलं. मामूंची झोप उडाली, जेवण अर्ध्यावर आलं. मुमानी एक दिवस मला हळूच म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, गार नाही लागली तरी मी काही बोलणार नाही." मी ते सांगितलं नाही. ते ऐकून तर मामू खचलेच असते.

ठरलेल्या दिवशी मुमानी गुडघ्यांना पट्टे बांधून आमच्याबरोबर बसमध्ये चढल्या. निवृत्तीनंतर त्या पहिल्यांदाच शाळेवर येत होत्या. साडेतीनची वेळ, अजून दुपारचीच शाळा भरत होती. लाइट अर्थात नव्हती. भारतनं जुन्या खोलीच्या भिंतीला आतून हात लावला आणि झटकन काढला. मग नव्या खोलीत आला. हात लावला. तसाच ठेवला.

"पाणी मारलं न्हाय ना?"

"न्हाय."

भारत पाठ भिंतीला टेकवून खाली बसला आणि डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. दारातली माणसं समजायचं ते समजली.

पण मुमानींचं लक्ष भिंतीकडं नव्हतंच. त्या वर्गाकडं बघत होत्या. पोरं इथंही पूर्वेच्या कोपऱ्यात एकमेकांवर रेलून बसली होती आणि पश्चिमेकडं अर्धी खोली रिकामी होती. जुन्या खोलीची सवय. दुपार झाली की सरकायचं. मुमानी काठी टेकत पुढं गेल्या. त्यांचा आवाज मी घरात ऐकला होता, वर्गात कधी ऐकला नव्हता.

"ए, कोपऱ्यात का कोंबलाय रे? सरका भिंतीकडं. सरका, सरका. चावत नाही ती."

पोरं एकमेकांकडं बघत सरकली. दोन वेण्यांची एक लहान मुलगी सर्वांत पुढं झाली, भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली, आधी एक बोट लावून बघितलं आणि मग पाठ टेकली. तिच्याशेजारी दुसरी. मग सगळी रांग. खोली भरली. मुमानी खुर्चीवर बसल्या आणि बसूनच राहिल्या. इतका वेळ एका जागी त्या घरीही बसत नाहीत.

"किती, मामू?" मी हळूच विचारलं. त्यांचा डावा तळवा भिंतीवर होता. दरवेळी मी विचारायच्या आधीच आकडा येतो. या वेळी आला नाही. थर्मामीटर खिशातच होता.

मुमानींनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "माझी नोकरी संपल्यावर बांधलीत," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "चांगली बांधलीत." 'इंजिनियरसाहेब' म्हणाल्या नाहीत.

परतीच्या गाडीला गर्दी होती. मुमानींना मी उजवीकडं, सावलीच्या खिडकीशी बसवलं आणि मागं वळून बघितलं तर मामू डावीकडं, भर उन्हात. चारनंतरचं ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी ना आभाळाकडं बघितलं होतं, ना कुणाला इकडून तिकडं बसवलं होतं. हात मांडीवर, तळवा वर, जसं काही कुणी त्यात काही ठेवून गेलंय.

"मामू, इकडं या की, सावलीत," मी म्हटलं.

"असू दे, बेटा," ते डोळे न उघडता म्हणाले. "आज चालतंय."